इन अवर लॉ

आई, परवा लायब्ररीत तुझा शब्द निघाला. रिटायर झाल्यापासून मी दर गुरुवारी दुपारी तिथं जाते. आम्ही सातआठ रिकामटेकडी माणसं एका टेबलाभोवती बसून मध्ययुगातलं जुनं इंग्रजी वाचतो. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, कानात मशीन, आणि एखादा शब्द हाती लागला की तास संपेपर्यंत त्याला सोडत नाहीत. परवा त्यांनी ‘लॉ’ धरला. त्या म्हणाल्या, त्या काळी लॉ म्हणजे नुसता राजाचा आणि कोर्टाचा कायदा नव्हे. धर्मालाही लॉच म्हणायचे, चालीरीतींनाही लॉच. माणसं आपली सहज म्हणायची, आमच्या लॉमध्ये असं करतात, तुमच्या लॉमध्ये तसं करतात. हे ऐकलं आणि माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती शोधायच्या निमित्तानं मी बराच वेळ टेबलाखाली वाकून राहिले.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा इथं साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात, त्यांच्या ड्यूट्या संपायच्या नाहीत, आणि तू घरात बसून कंटाळलेली. एक दिवस माझ्याच शाळेत डिनर लेडी म्हणून, दुपारचं जेवण वाढायला, लागलीस. दिवाळीला जमलेल्या बायकांपैकी एक जण म्हणाली, “अहो, डॉक्टरांची बायको तुम्ही, आणि शाळेत पोरांची ताटं उचलता?” तू म्हणालीस, “मग काय झालं? घरी तरी दुसरं काय करते?” मला मात्र त्या बाईचं पटलं होतं. साडीवर निळा ओव्हरऑल, त्यावर बाबांचा करडा कार्डिगन आणि हातात डाव, अशी तू जेवणाच्या हॉलमध्ये उभी असतेस आणि मी रांगेत मान खाली घालून पुढं सरकते. तू मला इतरांपेक्षा एक बटाटा जास्त वाढतेस. मी थँक यूसुद्धा म्हणत नाही.

घरी तुझे कायदे पुष्कळ. आपल्याकडे कायदा आहे, पानात टाकायचं नाही. आपल्याकडे कायदा आहे, निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. शाळेत लागल्यावर तू डिक्शनरीत ‘कायदा’ काढलास, समोर छापलं होतं ‘लॉ’. झालं, दुसऱ्या दिवसापासून सुरू. “इन अवर लॉ, नो थ्रोइंग फूड.” “इन अवर लॉ, स्मॉल वन्स ईट फर्स्ट.” माझ्या वर्गातल्या एका मुलीनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “मिस, विल द पोलीस कम?” तू तितक्याच गंभीरपणे म्हणालीस, “नो, नो. पोलीस नॉट कमिंग. मदर कमिंग.” अख्खं टेबल हसलं आणि तूही हसलीस. आता वाटतं, त्या पोरांना तू आवडत होतीस. तुझ्या धाकानं नाही, तुझ्या गमतीनं ती वाटाणे संपवत होती. त्या हॉलमध्ये लाज एकट्या मलाच वाटत होती.

मग तो पावसाचा दिवस. बाहेर खेळायला सोडलं नव्हतं, सगळ्यांना हॉलमध्येच कोंडलेलं. कुणीतरी म्हणालं, तुझी आई कशी बोलते ते करून दाखव ना. त्या मुली एरवी मला त्यांच्यात घेत नसत. मी बाकावर चढले, कार्डिगन डोक्यावरून पदरासारखा घेतला, हातात चमचा धरला आणि नाकातून हेल काढत म्हटलं, “इन अवर लॉ, यू मस्ट ईट द पीज!” काय हसल्या त्या! मला आणखी चेव आला. मान हलवली, काल्पनिक साडी सावरली. मग हसणं एकाएकी थांबलं. मी वळून पाहिलं तर तू दारात उभी, दोन्ही हातांत कस्टर्डचा मोठा जग. तू तो टेबलावर ठेवलास, सांडलेला थेंब ओव्हरऑलच्या टोकानं पुसलास आणि आत निघून गेलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

घरी आल्यावर मी ओरडा खायची तयारी करून बसले होते. तू पोळ्या लाटत होतीस, माझ्याकडे पाठ. न वळताच विचारलंस, “लॉ चुकीचं आहे का गं? मग काय म्हणायचं?” आवाजात राग नव्हता, नाहीतर मीही भांडले असते. तू खरंच विचारत होतीस, दहा वर्षांच्या पोरीला, कारण इंग्रजीतलं तुला घरात दुसरं कोण सांगणार होतं? आणि मी काय म्हटलं माहीत आहे? “काहीच म्हणत जाऊ नकोस. प्लीज, आई.” तू बरं म्हणालीस. माझ्या पोळीला तूप लावलंस आणि ताट पुढं सरकवलंस. मी सगळं जेवले.

पुढच्या आठवड्यात तू काम बदलून मागितलंस आणि आत भांडी धुवायला गेलीस. बाबांना सांगितलंस, तिथं पाणी गरम असतं, हातांना बरं वाटतं. त्यानंतर तू बाहेर इंग्रजी बोललेली मला आठवत नाही. दुकानात बोट दाखवायचीस, बसमध्ये पास. शेजारीण कुंपणापलीकडून काही म्हणाली की नुसती हसायचीस, आणि ती तुला अबोल समजायची. तुला, जिची बडबड घरात घटकाभर थांबत नसे! मी नोकरीला लागले ती कौन्सिलमध्ये, नियम काय आहेत ते लोकांना पत्रानं कळवायचं खातं. तीस वर्षं तेच केलं आणि कुणी मला हसलं नाही. आणि तुझ्या शेवटच्या आजारात नर्सनं विचारलं, कुठं दुखतंय, तर तू माझ्याकडे बघितलंस. दुखत तुला होतं आणि सांगायला मी लागत होते. ही माझी करणी आहे, आई. मला त्याची फार लाज वाटते.

परवा बाईंनी आणखीही सांगितलं. लॉ हा मुळात इंग्रजांचा शब्दच नाही म्हणे. हजारएक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून जी माणसं इथं येऊन राहिली, त्यांनी तो आणला. अर्थ काय, तर घालून दिलेलं. अगदी आपण म्हणतो तसं, मोठ्यांनी घालून दिलेलं. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, बघ, मग काय चुकलं माझं? काहीही चुकलं नव्हतं. डिक्शनरीनं तुला अख्खा जुना शब्द दिला होता आणि मी दीडशहाणीनं तो तुझ्या तोंडातून काढून घेतला.

मग बाईंनी विचारलं, “असा वापर कुणाच्या तोंडी प्रत्यक्ष ऐकलाय का कुणी?” आणि मी, जन्मात पहिल्यांदा, हात वर केला. म्हटलं, “माय मदर.” बाईंचा चेहरा उजळला. “हाउ लव्हली! कशा म्हणायच्या त्या? म्हणून दाखवा ना.” मी तोंड उघडलं. तुझा आवाज आठवत होते गं, मनापासून आठवत होते. पण बाहेर पडला तो बाकावरचा. नाकातला, हेल काढलेला, मानेच्या झटक्यासकट.

सगळे हसले. चांगली माणसं आहेत, प्रेमानंच हसली. हे तुला कळवायला कुठलाच पत्ता नाही, आणि असता तरी मी हे पोस्टात टाकलं नसतं, कारण एवढंच सांगायचं राहिलंय: त्यांच्याबरोबर मीही हसले.