अंगठ्यापासून चौथं बोट

३ जून, सोमवार
जर्मनच्या क्लासला नाव घातलं. कॉलेज मी सोडलं, त्यांनी मला काढलं नाही, हे बाबांना पुन्हा एकदा ठणकावून सांगितलं. आता फक्त करिअर. करिअर खिडकीजवळ बसते. तिचं नाव इथे लिहिणार नाही, अनामिका म्हणू. तिच्या डावीकडची जागा पटकावली. माझ्या बाजूचा हात नीट पाहून घेतला. अंगठी नाही. रान मोकळं.

५ जून
आज बोटांची नावं. डाउमेन, त्साइगेफिंगर, मिटेलफिंगर, रिंगफिंगर, क्लायनर फिंगर. रिंगफिंगर म्हणजे आपली अनामिका. याला योगायोग म्हणेल तो गाढव. तोंडी परीक्षेत जोडीदाराची बोटं धरून नावं सांगायची असतात. चौथ्यावर थांबायचं. नजर वर. बाकी ती समजेलच.

९ जून
नुसतं जर्मन कोणीही पाठ करेल. डच, स्वीडिश, डॅनिशही घेतलं. सगळ्या सख्ख्या बहिणी. डचांची करंगळी म्हणजे पिंक. डॅनिश मधलं बोट लांगफिंगर. ताईने विचारलं, यातली एक तरी येते का रे धड. ताईशी बोलणं कायमचं बंद.

१२ जून
ताईशी बोललो. इस्त्री तिच्या खोलीत असते.

१३ जून, सकाळ
परीक्षा. दारातच अनामिकेने दोन्ही मुठी दाखवल्या, अंगठे आत दाबलेले. म्हणजे मला अंगठा दाखवला नाही, उलट लपवला. याहून स्पष्ट होकार काय असतो.

दुपार
बाईंनी जोडी आमचीच लावली. तिने हात पुढे केला. उजवा. डाउमेन, त्साइगेफिंगर, इथवर झकास. मग चौथ्या बोटावर अंगठी दिसली आणि तिसऱ्यावरच जीभ घसरली: लांगफिंगर. बाई म्हणाल्या, जर्मनमध्ये लांगफिंगर म्हणजे भुरटा चोर. वर्ग खिदळला. अनामिका म्हणाली, मला चोर ठरवतोस काय रे. पुढचं बोट तिनेच सांगितलं. नवरा जर्मनीत असतो. तिकडे लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात. एवढा अभ्यास करतोस, हे कसं माहीत नाही, म्हणे.
क्लास सोडला. कायमचा.

१५ जून
क्लासला गेलो. छत्री राहिली होती. बाईंनी मुठींचा अर्थ सांगितला: दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून जर्मन माणूस अंगठे दाबतो. एवढंच.

२० जून
आज तिचा व्हिसाचा इंटरव्ह्यू. सकाळपासून अंगठे दाबून बसलोय. आई म्हणाली, मुठी उघड आणि लसूण सोल. लिहिण्यापुरता उजवा सोडला आहे. डावा दाबलेलाच आहे. माझी बाजू तीच.