एका धंद्याची एकच जागा

बाबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा हे कधी जमलं नाही. तुम्ही आवाज चढवायचे नाहीत, नुसते चष्मा पुसत बसायचात, आणि समोरच्यालाच आपलं चुकलं असं वाटायला लागायचं. मिरजोळ्याचं आपलं वर्कशॉप मी चालवते. जळलेल्या विजेच्या मोटारी अजून येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश देऊन सुकवायचं, काम तेच. फक्त मोटारी कमी झाल्यात. हात बेंचवर चालतो आणि लक्ष दाराकडे असतं, कोणी येतंय का. तुम्हाला असं दाराकडे बघत बसलेलं मला आठवत नाही. तुम्ही उठून माणसांकडे जायचात. आणि जाताना कामावरच्या त्या पोराला न्यायचात, मला नाही. भांडण तेवढंच आहे.

तो आयटीआय करून गुहागरकडून आपल्याकडे कामाला आला तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. दर शनिवारी सकाळी तुम्ही स्कूटर काढता, तो मागे बसतो, आणि दोघं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यांत, कोळंबीच्या कंपन्यांत फेरी मारायला जाता. काम असो नसो. चहा घ्यायचा, चालत्या मोटारीला हात लावून बघायचं, मॅनेजरच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. दुपारी परत येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना मासळीचा वास असतो आणि तोंडात नव्या माणसांच्या गोष्टी. मी एकदा विचारलं, "बाबा, मी येऊ?" तुम्ही म्हणालात, "बाय, तुझा हात चांगला आहे. तू मोटारीशी बोल. माणसांशी तो बोलेल." त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने फोनवर "काम कधी होईल?" विचारलं होतं आणि मी "झालं की होईल" म्हणून फोन ठेवला होता, हे कबूल. पण एका फोनवरून तुम्ही माझा कायमचा निकाल लावलात. त्या दिवाळीला तुम्ही मला वीज मोजायचा चांगल्यातला मल्टिमीटर आणलात आणि त्याला पांढरा शर्ट, चार माणसांत जायला. मल्टिमीटर कितीतरी महाग होता. मला शर्ट हवा होता.

तुम्ही गेलात आणि वर्षभरात त्याने शहरात स्वतःचं दुकान टाकलं. निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. त्याने पळवली असं म्हणता येणार नाही. ती त्यालाच ओळखत होती. मी बेंचवर बसलेली कोणीतरी होते.

गेल्या वर्षी मसाल्याचा धंदा करणारी माझी मैत्रीण मला एका ग्रुपच्या मीटिंगला घेऊन गेली. दर बुधवारी सकाळी साडेसातला एका हॉटेलच्या हॉलमध्ये छोटे धंदेवाले जमतात. प्रत्येकाने एक मिनिट उभं राहून आपली ओळख सांगायची, मग उपमा खाताखाता एकमेकांना कामं मिळवून द्यायची. नियम असा, की एका धंद्याचा एकच माणूस. मी नवी कार्डं छापून, कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. दाराशी बसलेल्या बाईंनी यादी बघितली. "मोटर रिवाइंडिंग? ती जागा भरलीय हो. आज पाहुण्या म्हणून बसा."

बसले. आणि त्या जागेवरून तो उभा राहिला. पोट सुटलंय, केस पिकलेत, पण बोलणं तसंच गोड. "आमचे बाबा," म्हणाला. बाबा म्हणाला तुम्हाला! बर्फाच्या कारखान्याची मोटर तीनदा जळली आणि बाबांनी नुसता हात लावून दोष ओळखला, ही गोष्ट त्याने रंगवून सांगितली. तो दोष मी तीन दिवस बेंचवर बसून शोधला होता. तेव्हा तो गावी गेलेला, त्याला ते माहीत नव्हतं, म्हणजे कारखान्यात तुम्ही माझं नाव घेतलंच नसणार. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, "ह्यांचे वडील मोठा माणूस होते म्हणे." मी म्हटलं, "हो, मोठे होते."

पुढच्याच महिन्यात त्या ग्रुपमधल्या एका कारखानदाराने मला मोटर पाठवली. तुमच्या त्या शिष्याने भरून दिलेली, आठ दिवसांत जळलेली. मी उघडली. तीन फेजपैकी दोन काळ्याठिक्कर, तिसरी नव्यासारखी. म्हणजे कारखान्यातच एका फेजची वीज गेली होती आणि मोटर उरलेल्या दोनांवर चालत राहिली. भरणाऱ्याचा दोष नव्हता. भरलेली तर इतकी सुरेख होती, की मी बघत राहिले. दोऱ्याची बांधणी हुबेहूब तुमची. माझ्या गाठी तशा पडत नाहीत, बाबा. इतकी वर्षं प्रयत्न करतेय. कारखानदाराने फोनवर विचारलं, "कामच कच्चं होतं ना?" मी म्हटलं, "आता काय बोलायचं? मी नवीन भरून देते." त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मला ते कळलं, आणि मी गप्प राहिले.

दोन आठवड्यांनी तो वर्कशॉपवर आला. मला वाटलं, भांडेल. तो स्टुलावर बसला नि म्हणाला, "ताई, ती मोटर तू उघडलीस ना? माझं काय चुकलं ते सांग गो. लोक विचारतात, मला जेवण जात नाय."

तो शिकायला आला होता. मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. त्यांच्याकडची एक फेज गेली होती."

"मग तू त्यांना..." एवढंच बोलून त्याने पुढ्यातला कप उचलला. चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

त्या बुधवारी मी पुन्हा पाहुणी म्हणून गेले. पाहुण्यांनाही एक मिनिट मिळतं. ती मोटर का जळली ते मी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि हेही सांगितलं, की हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कारखानदार फोन कानाला लावून बाहेर गेले. त्यांचं काम पुन्हा माझ्याकडे आलं नाही, त्याच्याकडेही नाही. मीटिंग संपली तशी माणसं त्याच्याभोवती जमली, त्याची पाठ थोपटत होती. खरं बोलले मी, आणि कौतुक त्याचं चाललेलं. तिथेही मला तुमचा राग आला.

महिन्याभराने कमिटीच्या बाईंचा फोन आला. त्याने स्वतःची नोंद नव्या पंपांची विक्री अशी करून घेतली होती आणि रिवाइंडिंगची जागा ताईला द्या म्हणाला होता. चार महिने मी त्या जागेवर बसतेय. कामं यायला लागलीत. दर शनिवारी फेरीलाही जाते, एकटी. चौकशा करायला जमत नाही अजून, पण चहा घेते.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. त्याच्या हाती लागलं तर तो बुधवारी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवेल आणि वर डोळे पुसेल. फक्त एक सांगते. माझ्या एका मिनिटात मी तुमचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं, बाई स्वतःच्या हिमतीवर उभी आहे. तसं काही नाही, बाबा. बोलण्यात माझा नंबर त्याच्यानंतर लागतो. तोवर त्याने तुमचं नाव घेऊन झालेलं असतं, आणि मला ते दुसऱ्यांदा घ्यायचं नसतं.