तिघे होते, असं म्हणतात

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचलो एकदाचा! ट्रकच्या प्रवासात हाडं खिळखिळी झाली, पण माळावर उतरलो आणि इतकं मोकळं वाटलं की जोरात शीळ घातली. वार्ताहर म्हणून ही माझी पहिलीच स्वतंत्र नेमणूक. कचेरी म्हणजे माझीच खोली. साहेब मीच, शिपाईही मीच. खिडकीतून थेट धावपट्टी दिसते: मुरमाची लांबलचक पट्टी, पत्र्याची शेड, आणि वारा कुठून येतो ते दाखवायला खांबावर बांधलेली कापडी नळी. दर मंगळवारी छोटं विमान येतं, टपाल टाकतं, खाणीच्या सर्वेक्षणावरच्या लोकांची ने-आण करतं.

घरमालकीणबाई कडक आहेत. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत आणि मोठ्याने गायचं नाही, असं चावी हातात देण्याआधीच बजावलं. पहिलं जमेल, दुसऱ्याचं बघू. पोस्टातल्या फोनवरून ताईला खुशाली कळवली. आईबाबांच्या माघारी तिनेच मला वाढवलं, त्यामुळे मी पस्तिशीला आलो तरी स्वेटर घातलास का म्हणून विचारते. घातला नव्हता. घातला म्हणालो.

८ नोव्हेंबर, शनिवार
इथे बातमी नावाची वस्तूच नाही. लोक वाईट नाहीत, पण तोलूनमापून बोलतात. चहाच्या टपरीवर मी गेलो की गप्पा थांबतात आणि सगळे आपापल्या कपात बघू लागतात. काल दिवसभरात कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो, म्हणून संध्याकाळी जुना पेपर मोठ्याने वाचत बसलो. बाईंनी भिंतीवर थाप मारली. तेवढाच काय तो संवाद. एकटा पडलोय, हे इथे तरी लिहायला काय हरकत आहे?

एक वैमानिक मात्र भला माणूस भेटला. मंगळवारी आला तेव्हा तासभर माझं डोकं खाल्लं, आणि मीही आनंदाने खाऊ दिलं. पुढच्या खेपेला सर्वेक्षणाच्या साहेबांबरोबर मलाही वर चक्कर मारून आणतो म्हणाला. मस्त लेख होईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार
विमान पडलं. माझंच अक्षर मला लागत नाही.

मीही त्यात बसलो होतो. मागच्या बाकावर, पट्टा आवळून. मग आठवलं की कॅमेरा खोलीवरच राहिला. मी उतरलो. पुढचं धड आठवत नाही. भानावर आलो तेव्हा खोलीत खिडकीपाशी उभा होतो आणि टेकडीमागून धूर निघत होता. वैमानिक गेला. साहेब गेले. मला माझ्या विसरभोळेपणाने वाचवलं. आता ताई कोणत्या तोंडाने मला धांदरट म्हणेल?

बातमी सांगायला पोस्टातून शहरातल्या मुख्य कचेरीत फोन लावला. पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो. लाइनच खराब.

१२ नोव्हेंबर, बुधवार
गावाला वाचा फुटली आहे. टपरीच्या कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो. एक म्हणाला, इंजिनात पक्षी गेला. दुसरा म्हणाला, वैमानिक सकाळीच ‘घेऊन’ आला होता. साफ खोटं, त्याच्या तोंडाला पेपरमिंटखेरीज कसलाही वास नव्हता. तिसऱ्याने तर विमान हवेत पेटताना डोळ्यांनी पाहिलं. त्या वेळी हे गृहस्थ अंथरुणात घोरत होते, असं त्यांच्या बायकोनेच चारचौघांत सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: विमानात तिघे होते. धावपट्टीच्या रखवालदाराने तिघांना चढताना पाहिलं. मी म्हटलं, अहो, दोघेच, तिसरा मी, हा इथे उभा आहे. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. बरोबर आहे, मला चढताना पाहिलं आणि उतरताना नाही. अफवा अशाच अर्ध्या खऱ्यातून निघतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ट्रकने पेपर आला. पहिल्या पानावर: तीन ठार, मृतांत आमचे वार्ताहर. सोबत माझा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात मी पाकीटमार दिसतो. आधी खो खो हसलो. मग लक्षात आलं. ताईने हे वाचलं असणार.

आमच्या पेपरात मृत्यूची बातमी दोघांकडून पक्की केल्याशिवाय लावत नाहीत. खुलाशालाही तोच नियम लावतील. म्हणजे मी जिवंत आहे हे माझ्याखेरीज आणखी एकाने सांगायला हवं. त्यात काय अवघड आहे, म्हणून बाईंकडे गेलो. त्या माझी गादी उन्हात टाकत होत्या, डोळ्यांना पदर लावून. माझ्यासाठी त्या रडतील असं वाटलं नव्हतं. हाका मारल्या. त्या मला घासून आत निघून गेल्या. रखवालदाराचंही तेच. ओशाळले असतील. माणूस चुकीचं बोलून बसला की नजरेला नजर देत नाही.

पेपरात असंही आहे की येत्या शुक्रवारी दुसरं विमान नातेवाइकांना ओळख पटवायला घेऊन येणार आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पोस्टात शिरलो, फोन उचलला. कोणी हटकलं नाही. ताई बोलली. रडून रडून घसा बसला होता तिचा. खरखर फार होती. मी आहे, मी आहे, असं ओरडत राहिलो. आणि तिला ऐकू आलं! एवढ्या सगळ्यांत तिला एकटीला! धांदरटा, आहेस कुठे, म्हणाली. मागून भावोजी विचारत होते, घंटी तर वाजली नाही, कोणाशी बोलतेस?

ताई ट्रकने येते म्हणत होती, तिला विमानाची भीती वाटते. मी हट्ट धरला. ट्रकला फार वेळ लागतो, विमानानेच ये. लवकर ये. मला इथे कोणी बघत नाही गं.

येते म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
रखवालदार बाईंकडे एक पिशवी देऊन गेला. टेकडीमागे सापडलेलं सामान. बाईंनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

माझा कॅमेरा. काच फुटलेली, पट्टा जळलेला.

पण तो तर खोलीवर — तोच आणायला मी उतरलो होतो. उतरलोच होतो. उतरावंसं वाटलं होतं, एवढं नक्की आठवतं. पाय जमिनीला लागल्याचं —

२० नोव्हेंबर, गुरुवार
भूक नाही. कधीपासून नाही?

ताईला थांबवायला हवं. दिवसभर फोन लावला. वाजतोय, उचलत नाहीत. भावोजी तिला सोडायला गेले असतील.

ये म्हणायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर, ती येतेय म्हणून बरंही वाटतंय. काय माणूस आहे मी —

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ताई आली!! धावपट्टीकडून चालत आली, हातात पिशवी नाही, काही नाही. दारातच माझ्या गालावर एक ठेवून दिली आणि मग गळ्यात पडून रडली. तिला मी दिसतो. हात लागतो. म्हणजे ते सगळं माझ्याच मनाचे खेळ. आता दोघे झालो सांगायला. उगाच घाबरलो.

खोलीत किती धूळ साठवलीस म्हणून झाडायला लागलीसुद्धा. विमान कसं उतरलं ते विचारलं. आठवत नाही म्हणाली. गार वाटतंय म्हणाली.

दुपार
बाहेर गलका. लोक टेकडीकडे धावताहेत. टपरीपर्यंत जाऊन आलो. शुक्रवारचं विमान — धावपट्टीला टेकलंच नाही म्हणे. चौघे होते, पाच होते. एक बाई होती, भावाला ओळखायला येत होती —

अफवा असेल. एकाकडून ऐकलेलं धरायचं नसतं. दुसऱ्याने सांगेपर्यंत —

दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

ताई खिडकीशी आहे. लेकीची शाळा सुटायची वेळ झाली, शेजारणीला फोन करून तिला आणायला सांगायचंय म्हणते. तिला काय सांगू? ट्रकने येत होती ती. मी —

माणसं कुठे पळताहेत, विचारून येते म्हणते. म्हटलं, नको, बस माझ्याजवळ. हसली. लहानपणीसारखा पदर काय धरतोस म्हणाली.

ताई, जाऊ नकोस. तुला कोणी —

कडी काढली तिने. बाईंना हाक मारतेय. पुन्हा मारतेय. बाई समोरूनच, तिला घासून —

ती वळून माझ्याकडे बघतेय —