घरचे सांभाळतात, तो कप्पा

४ नोव्हेंबर, मंगळवार
पहिली हजर कोण? शेजारची सेलेस्त! पाहुण्या अजून गाडीतून उतरायच्या होत्या, तर ही उंबऱ्यावर. म्हणे, मीठ संपलंय. मीठ कसलं, नाक खुपसायचं होतं. मग लिस्बनच्या विद्यापीठातली तेल्मा आली आणि मागून डेन्मार्कची सोल्वाय. काठीसारखी उंच. चौकटीला कपाळ आपटलं बिचारीचं. अंजिराचा मुरंबा वाढला.

दोघी देशांची वर्गवारी करतायत, म्हाताऱ्यांना कुठे कोण सांभाळतं याची. कुठे सरकार, कुठे नोकरीतला विमा, कुठे ज्याचं त्यानं. आणि आमचा पोर्तुगाल? घरचे सांभाळतात, तो कप्पा! ऊर भरून आला. म्हटलं, मग पहिला नंबर आमचाच. तेल्मा म्हणाली, आजी, नंबर नसतात हो, नुसते कप्पे. असू दे. परीक्षक कधी आधी सांगतात का?

१८ तारखेला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. कोण नेणार, विचारलं. म्हटलं, लिहा, मुलगा आदेलिनो. सोल्वायकडे म्हणे नगरपालिकेची गाडी येते. अरेरे, परका माणूस! पोरीला आणखी मुरंबा वाढला. जाताना दोघी एक कागद ठेवून गेल्या, माझं कोण काय करतं ते रकान्यांत भरायला.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रार्थनेहून आल्यावर आदेलिनोला फोन. येतो म्हणाला. म्हणजे, बघतो म्हणाला. त्याचं तसंच. लहानपणी दूध पी म्हटलं की बघतो म्हणायचा. दूध मांजर प्यायची, ती गोष्ट वेगळी.

सेलेस्तनं दवाखान्याला जाणाऱ्या चर्चच्या गाडीत परस्पर माझं नाव दिलेलं. खोडायला लावलं. पाहणीत आपला कप्पा हुकला तर? वर विचारलं, तुझी पोरं काय मेली का गं? म्हणाली, माझी फ्रान्सात आहेत. तुझा पाऊण तासावर राहतो, ईस्टरपासून त्याला पाहिलंय कुणी?
जळते मेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आदेलिनोला जमत नाही. ऑलिव्हची तोडणी. पोरगा कष्टाळू! जिनेव्हाला लेकीला फोन केला. ग्रासा रडली. किती माया! रडणं कागदात कुठल्या रकान्यात लिहायचं, विचारलं पाहिजे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सेलेस्तकडे मीठ मागायला गेले. घरात होतं. गाडीतली जागा भरली, असं तिनं न विचारताच सांगितलं.
तेल्माचा फोन. कागद भरला का? म्हटलं, सगळं झकास. मुलगा कामात, लेक लांब, आणि मी सहाच्या बसनं जाईन म्हणते. पलीकडे दोघींची बरीच कुजबुज झाली.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
ओळी वाकड्या येतायत, एक डोळा पट्टीत आहे.
सकाळी तेल्मा आणि सोल्वाय गाडी घेऊन दारात. या खेपेला सोल्वाय वाकून आत आली. दवाखान्यात चार तास माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली. नर्सनं विचारलं, सोबत कोण? म्हटलं, घरचं माणूस. नर्स तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. म्हटलं, बापावर गेलीय.
परतताना तेल्मानं तो कागद काढला. आजी, खरं सांगा, कोणी नेलं म्हणून लिहू? म्हटलं, लिही, घरच्यांनी. तिनं तसंच लिहिलं. वाचला कप्पा!
आदेलिनोचा फोन नाही. तोडणी जोरात दिसतेय. कधी येतोस, असं त्याला विचारलं नाही. कामाचा माणूस.
डोळा दाखवायला न्यायला सोल्वाय येणार मंगळवारी, २५ तारखेला. कॅलेंडरवर तिचं तिनंच लिहून ठेवलंय.