सेरेन घोडी आणि माझा भाऊ इड्वल यांच्याबाबत

मी, ओल्वेन पारी, वय एकाहत्तर, धंदा घोडे पाळणे, राहणार ब्रेकनजवळ, वेल्स, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. म्हातारीला भ्रम झाला होता असं माझा भाऊ इड्वल म्हणणार, म्हणून डॉक्टरांचा आजचाच दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर इड्वलने हयातभर वापरावं, विकू नये. तबेल्याची किल्ली त्याच्या हाती द्यायची नाही. कारण पुढे येतं.

२. आर्थर राजा आणि त्याचे सरदार पोरवयाचे दाखवणाऱ्या त्या टीव्ही मालिकेत घोडे माझे होते. घराघरांत सगळे एकत्र बसून ती बघायचे. आर्थर झालेला रोड्री घोड्याला घाबरायचा. सेरेन या पांढऱ्या घोडीवर मी त्याला बसायला शिकवलं. मला मावशी म्हणायचा. मालिका बरीच वर्षं चालून संपली, आणि त्याच हिवाळ्यात सेरेन कुरणातून नाहीशी झाली. चोरीला गेली, इड्वल म्हणाला. पोलिसांत जाऊ म्हटलं तर टाळाटाळ करू लागला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रोड्रीही फोन उचलेना. नाव झालं, आता कशाला ओळख ठेवेल, असं मी धरून चालले.

३. गेल्या वर्षी नालबंद एमरिसने सेरेनला डोंगरापलीकडे, रोड्रीच्या कुरणात पाहिलं. मी तडक गेले. घोडी कुंपणाशी आली, तसा रोड्री मध्ये उभा राहिला.

"बाई, तिला हात लावू नका."

"माझी घोडी आहे ती. चोरलीस?"

"विकत घेतली, इड्वलकाकांकडून. पाय गेलाय म्हणून तुम्ही तिला गोळी घालणार होतात, म्हणाले. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असंही म्हणाले."

सेरेनचा पाय कधीच दुखावला नव्हता. मी तसं सांगितलं. त्याने चहा दिला, पण अंगणातच.

इड्वलला जाब विचारला, तर म्हणाला, "घोडीच तर होती."

४. सेरेन रोड्रीचीच. माझा हक्क मी सोडते. कुरण, तबेला, खोगिरं त्यालाच. इड्वल कोर्टात गेला तर घरही रोड्रीला.

५. आता मी रविवारी तिकडे जाते. रोड्री चांगलं बोलतो, पण घोडीजवळ मला एकटीला सोडत नाही. मागच्या महिन्यात खाली बघत म्हणाला, "तिला कधी मारणार नाही, एवढं लिहून द्याल?" म्हणून लिहिते: सेरेन आपल्या मरणाने मरेल. मला त्याचा राग आला नाही. घोडी ज्याच्याकडे राहायची, तो असाच असावा.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

ओल्वेन पारी

साक्षीदार: एमरिस बोवेन, नालबंद
मेना ट्यूडर, टपालवाली

ब्रेकन, १४ मार्च २०२३