पाचवा प्रश्न

प्रिस्का बाय,

बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय, भात तेवढा लाव. दहा वाजता मोटर बंद कर, नाहीतर केळीत तळं साचेल. पप्पांनी विचारलं तर बाजारात गेलीय म्हणू नकोस. मम्मी बारावीचा फॉर्म द्यायला कॉलेजात गेलीय, असं सरळ सांग.

मुक्त विद्यापीठाचा फॉर्म तू एवढ्या हौसेनं भरलास, तो टेबलावर तसाच ठेवून जातेय. रागावू नकोस ग. सहा महिन्यांची पूर्वतयारी केली की थेट बीएला प्रवेश, बारावीची गरज नाही, हे मला पटलंही होतं. पण आज पहाटे पुन्हा तेच स्वप्न पडलं. आपल्या वाडीत केळींच्या रांगांमध्ये बाकं मांडलीत, पायाखालून पाटाचं पाणी वाहतंय, पानांतलं ऊन पेपरावर हलतंय आणि मी लिहितेय. चौथ्या प्रश्नाला चर्चची घंटा वाजते आणि पोटात कळ येते.

तेव्हा खरंच तसं झालं होतं. दुसऱ्यांदा बारावीला बसले होते, नववा महिना होता. चौथा प्रश्न अर्धा टाकून उठले आणि संध्याकाळी तू झालीस. स्वप्नातही मी दरवेळी उठते, आणि हसतच उठते, म्हणून तू वाईट वाटून घेऊ नकोस. बीए होईनच मी, वर्षभर उशिरा. पण बारावीला वळसा घालून नाही.

पाचवा प्रश्न काय होता, ते मी अजून वाचलेलंच नाही.

मम्मी