मागच्या फाटकाचा अर्ज

मुलुंड

प्रिय अबोली,

तुझी आई कामं उरकून निघाली की हे पत्र तिच्या पिशवीत टाकीन. तिला काही बोललो नाही. आधी तू वाच, मग वाटलं तर तिला वाचून दाखव.

दिवाळीपासून तू घरीच आहेस हे मला काल कळलं. आठवीचं विज्ञानाचं पुस्तक धाकट्या भावाला चित्रं बघायला दिलंस म्हणे. आमच्या सोसायटीचं मागचं फाटक उघडं होतं तोवर तुमच्या पाड्यावरून आमच्या आवारातून शाळा दहा मिनिटांवर होती. आता डोंगराला वळसा, डंपरच्या रस्त्याने तासभर चालायचं. आई एकटीला सोडत नाही, यात तिचं काय चुकलं?

शाळेत जाताना तू फाटकाजवळच्या माझ्या बाकापाशी थांबून "आजोबा, काल काय वाचलंत?" म्हणून दम भरायचीस, तो अजून कानात आहे. मी चौथी नापास. गिरणीत भजी बांधून यायची त्या कागदावर अक्षरं लावत वाचायला शिकलो. झाडं उजेडावर अन्न शिजवतात, हे सत्तरीत तू शिकवलंस. मी तुला शिकवलं ते एकच, अर्ज लिहायला.

फाटक बंद करायची कुजबुज सुरू झाली तेव्हा लिहिलास तो. पाठ आहे मला. ‘आम्ही अकरा मुलं रांगेत जाऊ. मोठ्याने बोलणार नाही. फुलं तोडणार नाही. बिबट्या भिंतीवरून येतो, त्याला फाटक लागत नाही. आम्हाला लागतं.’ मी पोट धरून हसलो होतो. म्हटलं, तुम्ही सभेला येऊ नका, मी वाचतो.

चाळ पाडून टॉवर झाला, पण सभेत आम्ही जुने भाडेकरू मागेच उभे. त्या दिवशी सेक्रेटरी चंद्रप्रकाशनी मला पुढे खुर्ची दिली. "लवूकाकांचं अक्षर म्हणजे मोती. इतिवृत्त तेच लिहितील." झालं, म्हातारा बेडकासारखा फुगला. मग कॅमेऱ्यातला बिबट्या दाखवला आणि एकच गलका उठला. "आज पोरं येतात, उद्या अख्खा पाडा येईल!"

तुला वाटतं, अर्ज वाचला आणि लोकांनी नाकारला. नाही गो. चौथ्या मजल्यावरच्या नलिनीताईंनी सरळ विचारलं होतं, "पाड्यावरच्यांचं काही म्हणणं आलंय का?" अर्ज माझ्या खिशात होता. चंद्रप्रकाश म्हणाले, "काही नाही आलं. लिहा काका." आणि मी लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात: ‘पाड्याकडून कोणतेही म्हणणे आलेले नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.’ खुर्ची जाईल म्हणून लिहिलं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. मागचं इतिवृत्त आधी वाचून कायम करतात, ते वाचायचं काम माझंच. त्या ओळीशी थांबून सांगणार, हे खोटं आहे, मी लिहिलंय. मग तुझा अर्ज वाचणार. चारचौघांत कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र. फाटक उघडेल असा शब्द देत नाही. माझ्या शब्दाचं काय झालं ते तू पाहिलंसच. पण सोमवारी सकाळी सहाला पाड्याच्या वाटेवर येऊन उभा राहीन. वळशाने जावं लागलं तर वळशाने, मी सोबत चालेन. आलीस तर पुस्तक भावाकडून घेऊन ये. अर्ज खिशात राहून घडीवर विरलाय, ‘फुलं तोडणार नाही’ ही ओळ नीट दिसत नाही. ती मी वाचणारही नाही. तुम्ही कधी तोडलीच नव्हती.

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
लवूआजोबा